फुकटचा तेरडा

आमच्या आळीत रोज सकाळी एक फुलवाली येते. नाव मी विचारलं न्हाय, विचारणारही न्हाय. मुरुडच्या पहिल्या एसटीनं उतरते, टोपलीवर ओलं फडकं टाकते आणि हाक अशी मारते, की आळीला आग लागली वाटावं.

मी तिला रोज परत पाठवायचो. बायको वारली, तिच्या फोटोला मी मुंबईहून प्लास्टिकचा हार आणला. एकदा फुलवालीला दारात बोलावून मुद्दाम दाखवला. म्हटलं, "बघ, दोन वर्षं झाली, एक पाकळी सुकली न्हाय."

तिनं हार बघितला, मग फोटो बघितला. "बाबा, आजी जित्या असताना त्यांच्या ताटात प्लास्टिकचा बोंबील वाढला असता काय?"

"तुला तुझी फुलं खपवायची हायत."

"माझी नका घेऊ. बांधावर तेरडा फुकट उभा हाय, तो आणा."

"तेरड्याचा रंग तीन दिवस!"

"मग चौथ्या दिवशी परत जावा. पाय मोडलेत काय?"

असली अडाणी बाई! स्वतःचं गिऱ्हाईक फुकटच्या वाटेला लावते, आणि म्हणे धंदा करते.

त्या दिवशी मी बांधावर गेलो. तिचं ऐकून न्हाय, भाताचं पाणी बघायला. येताना हातात तेरडा होता, एवढंच.

आता तिची हाक आली की मी दारात आडवा उभा राहतो, तिला फोटो दिसू नये म्हणून. ती मान वाकडी करून बघतेच. आणि एरवी एवढी तोंडाळ बाई, तेव्हा मात्र एक शब्द न बोलता पुढच्या घरी जाते.