बाहुलीच्या कमरेची दोरी

चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला आम्ही गौरीपुढे खेळण्यांची आरास मांडतो. झाशीत अशी आरास करणारी घरं आता मोजकीच, म्हणून मी जरा हट्टानेच मांडते. यंदा नऊ वर्षांच्या लेकीला तिची फॅशन बाहुली आराशीत हवी होती. मी म्हटलं, चालेल, पण नऊवारी नेसवून.

तिथेच फसले. खणाच्या तुकड्याची साडी नेसवायला गेले, तर नुसती गाठच कमरेपेक्षा जाड झाली. कासोटा खोचला तरी टिकेना. त्यात बाईसाहेबांच्या टाचा कायमच्या उचललेल्या, त्यामुळे धड उभ्याही राहीनात. शेवटी तांब्याला टेकवून ठेवल्या.

लेक बराच वेळ बघत होती. "आई, साडी उतार दो. इसमें मोटी लग रही है," ती म्हणाली. मी मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीत. पण 'मोटी' ऐकलं आणि मला आठवडाभर तिच्या ताटात उरणारी अर्धी पोळी आठवली. पोट दुखतंय, असं ती सांगत होती. खोदून विचारलं तेव्हा तिने कबूल केलं, तिला बाहुलीसारखी कंबर हवी होती.

 जिभेवर आलेलं व्याख्यान मी गिळलं. कारखान्यात मी यंत्रांचे नकाशे काढते, त्यामुळे डोक्यात भलतंच कुतूहल शिरलं. ही बाई माझ्याएवढी उंच असती तर?

शिवणाची टेप घेऊन आम्ही बाहुलीला मोजलं. गुणाकार लेकीने केले, मी दोनदा तपासले, कारण उत्तरावर माझाच विश्वास बसेना. तिचं पाऊल लेकीच्या हातात मावलं असतं. गुणाकाराने आलेल्या कमरेच्या घेराएवढी दोरी कापली. ती लेकीच्या कमरेला पुरेना. मग तिने स्वतःच ती डोक्याभोवती गुंडाळून पाहिली. तिथेही टोकाला टोक लागेना.

दोरी तिने बाहुलीशेजारी धरली. मग म्हणाली, "इसका खाना कहाँ जाता होगा?"

मलाही तोच प्रश्न पडला होता. आतडी, यकृत, सगळं कुठे कोंबायचं याची आम्ही बराच वेळ चर्चा केली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग तिने टेप माझ्या कमरेभोवती घातली. आकडा वाचायला वाकली आणि थांबली.

"आई, साँस छोड़ो ना. शीशे के सामने भी तुम रोज़ ऐसे ही पेट अंदर करती हो."

मी श्वास सोडला. टेप तिच्या बोटांतून चांगलीच सरकली. लाज वाटली, आणि ती कमरेची नव्हती.

त्या दिवशी जेवताना तिने आधी माझ्या ताटात पाहिलं. मी दुसरी पोळी घेतली. मग तिनेही घेतली.