गोजरबाईंची शिंक

निमगाव सावात आमच्या शेजारच्या गेणभाऊंना घराबाहेर पडायला तास लागायचा. कारण त्यांच्या बायकोचं नाक. भाऊंनी चपलेत पाय घातला की आतून गोजरबाई शिंकायच्या. निघताना शिंक आली की घोटभर पाणी पिऊन जरा टेकायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पण बाईंची शिंक एकटी कधी आलीच नाही, आठ-दहा तरी यायच्या. भाऊ उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. मी भिंतीवरून विचारायचो, "भाऊ, रानात जाताय का पाण्यानंच पोट भरताय?"

आळेफाट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, धूळ आणि भुसकटापासून बाईंना लांब ठेवा. त्या दिवसापासून खराटा भाऊंच्या हाती. पाणी शिंपडून झाडायचे, बाजरी पाखडायचे, सकाळी बाईंना नाक धुवायला मिठाचं कोमट पाणी द्यायचे. मी गावभर सांगितलं, "गेणभाऊ या वयात नांदायला आलेत!"

दोन हजार सालच्या मळणीत मात्र बाईंचं नाक इतकं चोंदलं, की घास गिळताना धाप लागे. भाऊंनीच त्यांना चिंचवडला लेकीकडं, रत्नाकडं पोचवलं. "मळणी उरकली की न्यायला येतो," म्हणाले.

मळणी उरकली. भाऊंनी एसटीडीवरून फोन लावला. मी अर्थातच मागं उभा.

"नाक कसं हाय?" पलीकडचं ऐकून भाऊ हसले, मग फोन ठेवला.

"काय म्हणाल्या वहिनी?"

"महिन्यात एक शिंक न्हाई म्हणती."

"मग आणा की घरी!"

"कुठल्या तोंडानं आणू, सावळेराम? तिथं मोकळा दम घेती."

त्या आठवड्यात भाऊंनी दारापुढची कडब्याची गंज पार ओढ्याकडं हलवली. मातीच्या जमिनीवर फरशी बसवली. रोज फरशीवर बोट फिरवायचे, बोटाकडं बघायचे, आणि बाईंना आणायला काही निघायचे नाहीत.

एका सकाळी ते रानात निघाले. मला राहवलं नाही. भिंतीआडून बायकी आवाजात शिंकलो. भाऊ थबकले. चपला काढल्या, पाणी प्यायले, ओट्यावर टेकले.

फसले! मी डोकं वर काढलं. "अहो भाऊ, मी हाय, मी!"

"म्हाईत हाय. तिची अशी एकटी येत न्हाई."

तरी उठले नाहीत. तोंड घराकडंच होतं.

"आणखी शिंक की रं चार-दोन," म्हणाले.

मला एकही येईना.