अठ्ठाविसावी सोय

ऑफिसात तिला सगळे केरसुणी म्हणत, आणि तिला त्याचा अभिमानच होता. संगणकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे ज्याच्या जिवावर बाकीचं सगळं चालतं त्या गाभ्यात, जुन्यापुराण्या प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या सोयी साचत जातात. कोण वापरतं ठाऊक नसतं, पण काढायची कुणाची छाती होत नाही. हिची व्हायची. "घरात रिकाम्या बरणीचं झाकण टाकवत नाही तुला," नवरा म्हणायचा, "आणि तिकडे लोकांचे संसार उचलून फेकतेस!"

फेकायचीही तिची एक रीत होती. आधी वर्षभर, ती सोय वापरणाऱ्या प्रत्येक मशीनच्या पडद्यावर एक ओळ उमटायची: ही सोय जाणार आहे, वापरत असाल तर कळवा. कुणी कळवलं नाही, की मौन म्हणजे संमती. अशा सत्तावीस सोयी तिने साफ केल्या होत्या. एकही परत घ्यावी लागली नव्हती.

अठ्ठाविसावी होती तीस वर्षांपूर्वीची, जेमतेम चाळीस ओळींची. अकरा महिने चिडीचूप. मग चार ऑफिसं फिरून एक पत्र आलं, कागदावर, हाताने लिहिलेलं.

"रोज सकाळी मशीन चालू केलं की तुमची ओळ येते. अर्थ कळत नाही. पण कळवा म्हणताय, म्हणून कळवतो. पंपहाऊसचा ऑपरेटर."

तारीख दहा महिन्यांपूर्वीची होती. दुसऱ्याच दिवशी ती निघाली.

पंपहाऊस लहानसं, फरशी लख्ख. मशीनवर धुतलेलं फडकं.

"मशीन तीनदा बदललं, ताई," ऑपरेटरकाका म्हणाले. "प्रोग्राम तोच. ज्या साहेबांनी लिहिला ते वारले, त्यांचे कागदही हरवले. टाकीची पातळी बघून तोच व्हॉल्व्ह उघडतो. अख्ख्या गावाचं पाणी त्याच्यावर."

"कधी बंद पडला?"

"शपथेवर सांगतो, एकदाही नाही."

तिने लॅपटॉप जोडला. प्रोग्राम दर सेकंदाला त्याच चाळीस ओळींचं दार ठोठावत होता, आणि दार उघडत होतं. शेजारच्या जाड पाइपावर तिने हात ठेवला. आतून पाणी धावत होतं. त्या चाळीस ओळी लिहिणाऱ्याने हे पंपहाऊस पाहिलं नव्हतं, साहेबांना तो माणूस माहीत नव्हता, आणि तरी तीस वर्षांत कुणी कुणाला दगा दिला नव्हता. महिन्याभरात तो दगा तीच देणार होती.

"माझं काही चुकलं का, ताई?"

"नाही हो काका. तुम्हीच एकटे बरोबर वागलात."

सोय राहिली. कर्नल तयार करताना कोणती सोय हवी, कोणती नको हे निवडायचं असतं, आणि अशा प्रत्येक सोयीखाली सल्ल्याची एक ओळ असते: शंका असेल तर 'नको' निवडा. अठ्ठाविसाव्या सोयीखालची ती ओळ केरसुणीने खोडली आणि तिथे लिहिलं: शंका असेल तर आधी पंपहाऊसच्या काकांना विचारा.