लोंब्यांचं तोरण

मी बी.ए. झाले तेव्हा आमच्या सात पिढ्यांत कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. बाप बुरूड. सावली या मोठ्या गावाच्या बाजूच्या आमच्या खेड्यात टोपल्या, सुपं विणायचा. नागपूरहून पदवी घेऊन मी परत आले आणि चावडीच्या पडवीत बालवाडी सुरू केली. पन्नास सालानंतरची गोष्ट. लोक बापाला विचारायचे, "एवढी शिकवून लेकरं खेळवायले बसवली काऊन?" बाप म्हणायचा, "तुमची खेळवते ना? मंग!"

पंचायतीनं मला साफ सांगितलं होतं : दिवाळीपर्यंत पोरं टिकली तर बालवाडी राहील, नाही तर पडवी धान ठेवायला लागते.

मुलं टिकवायची तर हाताला काम हवं, हे मला बापाकडं बघून कळलेलं. कागद, रंग कुठून आणणार? दसऱ्यानंतर रान मात्र भरलेलं असायचं. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक. चार वर्षांच्या पोरांनी त्या हातांचे ठसे पडवीच्या भिंतीवर उमटवले. पळसाच्या पानांच्या बाहुल्या केल्या, बांबूच्या काडीनं टाचलेल्या. बावीस पोरं रोज यायची. मी मनात फुगले होते, खोटं कशाला सांगू?

मग लवकर पिकणारं हलकं धान पिवळं झालं. एका सकाळी मी पोरांना बांधावर नेलं, मूठ-मूठ लोंब्या तोडल्या आणि दुपारपर्यंत आम्ही तोरण केलं. वेडंवाकडं, कुठं दाट, कुठं विरळ. पडवीच्या दाराला टांगलं.

दुसऱ्या दिवशी एकही पोर आलं नाही.

तिसऱ्या दिवशी आली ती एक म्हातारी. बांध तिचाच होता आणि तिचा नातूही माझ्याकडंच यायचा. दारातूनच कडाडली, "पोरी, नवं झालं नाई अजून, अन् तू लेकराइच्या हाती लोंब्या देल्या? तुह्या बी.ए.त हेच शिकवते का?"

नवं म्हणजे नव्या धानाचा पहिला मान. गावदेवीला, मातामायला, दाखवल्याशिवाय गावात कुणी नव्या लोंबीला हात लावत नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या घरी शेतच नव्हतं, तेव्हा नवंही कधी आमच्या घरचं नव्हतं. त्यात पाच वर्षं नागपुरात काढलेली.

संध्याकाळी बापाला सांगितलं. तो सूप विणतच होता. म्हणाला, "चुकलं तर चुकलं म्हणाव. त्याले काई बी.ए. लागत नाई."

मी म्हातारीच्या ओसरीवर गेले. उभ्या उभ्याच म्हणाले, "आजी, माझी चूक झाली. आता काय करू, ते तुम्ही सांगा."

ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "लेकरं देवाचीच रायते. त्याइनं केलं ते काई बाटत नाई. नव्याच्या दिवशी ते तोरण मातामायपाशी घेऊन या. पण तू बांधू नोको. ज्याइनं केलं, त्याइनंच बांधाव."

नव्याच्या सकाळी मी पडवीत एकटीच बसले होते. आधी एक पोर आलं, मग दोन, मग घोळकाच. आया मागं उभ्या. तोरण इतकं लांब होतं की दहा जणांनी धरलं तरी मधे जमिनीला टेकत होतं. मातामायच्या झाडाखाली गावातली मोठी माणसं नैवेद्य घेऊन थांबलेली. त्यांच्या देखत माझी पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून गाठी मारू लागली. एक गाठ सुटली तशी एक चिमुरडी ओरडली, "अशी नाई रे, उलटी वढ! बाईनं शिकवलं नाई का?"

माणसं हसली. माझा बाप मागं, सगळ्यांच्या शेवटी उभा होता. त्यानं मान वळवून डोळे पुसले, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पडवीत तेवीस पोरं होती. म्हातारीनं आपल्या नातवाबरोबर धाकट्या नातीलाही हाताला धरून आणलं होतं. आधी मला पोरी म्हणणारी ती म्हातारी, काखेतला लोंब्यांचा भारा पडवीत टाकत म्हणाली, "बाई, आता तोडा लागत नाई. मीच आणल्या. इलेही शिकवा."