मोहाखाली वाकलेली बाई

पडद्यावर माझी आई होती. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचायला वाकलेली, कॅमेऱ्याकडे पाठ, अंगावर काळी शाल गुंडाळलेली. बाजूच्या टोपलीला बाबांनी बांधलेली निळी प्लास्टिकची पट्टी. आईभोवती कॉम्प्युटरनं काढलेला लाल चौकोन होता आणि चौकोनावर शब्द होता, अस्वल.

सभागृहात हशा पिकला. पाहुणे होते, अधिकारी होते, माझ्या वर्गातली मुलं होती. माझे गाइड सर हसू आवरत म्हणाले, "मॉडेलचं फार काही चुकलेलं नाही. या बायका आणि अस्वलं, दोघांचा नाश्ता एकाच झाडाखाली."

पुन्हा हशा.

लॅपटॉपपाशी मी उभा होतो. स्लाइड बदलणं माझं काम. मॉडेलनं चुकीचे ओळखलेले फोटो सरांनी निवडले होते, त्यांना ती बाई कोण ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी हसलो नाही. बोललोही नाही. मी पुढच्या स्लाइडचं बटण दाबलं.

चंद्रपूरला मी कॉम्प्युटर सायन्सचं एम.टेक. करतो. गाव आरमोरीकडचं, बौद्धवस्तीतलं घर. वस्तीत इतकं शिकणारा मी पहिला, म्हणून विहारात माझा सत्कारही झाला होता. प्रवेशाच्या वेळी छंद विचारले, तेव्हा मी ऐटीत सांगितलं, जंगलात भटकणं आणि प्राण्यांचे फोटो काढणं. आमच्या घरी याला छंद म्हणत नाहीत. मोह वेचायला जाणं म्हणतात. जाता जाता मी मोबाईलवर मोरांचे, हरणांचे, चिखलातल्या वाघाच्या पावलांचे फोटो काढायचो, एवढंच. सर ते फोटो पाहून खूश झाले. म्हणाले, "तू माझ्या प्रोजेक्टला ये. तुला जंगल कळतं."

प्रोजेक्ट असा, की जंगलात झाडांना कॅमेरे बांधायचे. फोटो आला की मॉडेलने प्राणी ओळखायचा आणि जंगलाच्या गार्डच्या मोबाईलवर खबर द्यायची. वाघ, अस्वल, रानडुक्कर, प्रत्येकाला वेगळं लेबल. माणसाला एकच, घुसखोर.

कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा, हे सरांनी मला विचारलं. मी आमच्या वाटेवरचा मोह दाखवला. फुलं पडायला लागली की पहाटे तिथं अस्वल हमखास येतं. आमच्या बायकाही तेव्हाच येतात. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्याच झाडाखाली मी लहानाचा मोठा झालो. पण मला चांगले फोटो हवे होते.

त्या हशानंतर सर म्हणाले, "ही चूक दुरुस्त कर." मी केली. लॅबमध्ये बसून आईच्या फोटोवरचं अस्वल पुसलं आणि घुसखोर केलं. तिच्यासारख्या वाकलेल्या सगळ्या बायकांना घुसखोर केलं. मॉडेलला पुन्हा शिकवलं. ते सुधारलं, तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. याची लाज मला कुठं ठेवावी कळत नाही.

मग गावी गेलो. अंगणात मोह वाळत घातलेला नव्हता. टोपली कुठं दिसेना.

"टोपली गार्डानं नेली," आई म्हणाली. "शिव्या देल्ल्या थ्या अलगच. म्या म्हनलं, वनहक्क भेटला हाय गावाले. त म्हने, मशीननं सांगतलं तू घुसखोर हायस. आता झाडालेबी डोये फुटले म्हना."

ती चूल फुंकत राहिली. मी उंबऱ्यावर बसलो होतो.

"आई, थे मशीन मी बनवलं."

तिनं फुंकणी खाली ठेवली. मला वाटलं, रडेल. शिव्या देईल. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मंग तुले मी ओयखू नाई आली?"

"ओयखू आली."

 तिनं ताट वाढलं, माझ्यापुढं ठेवलं आणि ती पाणी आणायला निघून गेली. मी जेवलो. सगळं संपवलं, कारण ताट तसंच ठेवलं असतं तर तिनं तेही बोलून दाखवलं नसतं.

परत आल्यावर सरांना गाठलं. म्हणालो, "सर, घुसखोर हे लेबल मी काढणार आहे. आमच्या गावाला त्या जंगलाचा हक्क आहे."

"भावनिक होऊ नकोस. हा डेटा आहे."

"त्या फोटोतली बाई माझी आई आहे, सर."

 सर शांतपणे म्हणाले, "मग तेव्हा का नाही बोललास?"

  भीती म्हणा, डिग्री म्हणा, त्या सभागृहात आपण त्यांच्यातले दिसावं ही हाव म्हणा. सरांनी एका वाक्यात अपमान केला. मी तो लॅबमध्ये बसून पक्का केला आणि गार्डच्या हातात दिला.

"लेबल काढलंस तर प्रबंधावर माझी सही नाही," सर म्हणाले.

"नसू द्या," मी म्हणालो. 

झाडावरचा कॅमेरा मी बांधला होता, मीच उतरवला. लेबल काढलं. गार्डकडून टोपली अजून सोडवायची आहे. त्यासाठी ग्रामसभेत उभं राहून मी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल. सांगेन. आईनं माफ करावं म्हणून नाही. ती तो विषयच काढत नाही.

आता प्रोजेक्टचं शेवटचं सादरीकरण आहे, आणि सही नसली तरी लॅपटॉपपाशी मीच उभा असेन. तेच सभागृह, तेच पाहुणे. पहिला फोटो मोहाखालच्या बाईचा असेल, चौकोनाशिवाय. मी सांगेन, ही माझी आई, आणि तिला घुसखोर मी केलं. कुणी हसलंच, तर हसू दे. या वेळी मी पुढचं बटण दाबणार नाही.