पलटणीसाठी कॉफी

चिंचपोकळी स्टेशनच्या बाहेर, पुलाच्या अलीकडे एक कॉफीचं दुकान होतं. दुकान शेठचं, पण रस्त्यावर जो वास सुटायचा तो विठोबा घाडीचा. मागच्या पडवीत कोळशाच्या भट्टीवर एक आडवा लोखंडी पिंप बसवलेला होता. पिंपाला दांडा आणि दांड्यावर विठोबाचा उजवा हात. डाव्या हाताची दोन बोटं आणि डाव्या कानाची ऐकण्याची शक्ती तो इटलीत ठेवून आला होता. त्यामुळे उजवा कान पिंपाकडे वळवून तो एखाद्या रोग्याची छाती तपासावी तसा उभा राहायचा. बिया पहिल्यांदा मोहरीसारख्या तडतडतात. मग थोडा वेळ गप्प होतात. मग पुन्हा बारीक, वाळलं पान चुरगळावं तसा आवाज येतो. तो आवाज आला की विठोबा पिंप उलटा करायचा. क्षणभर उशीर झाला तर कॉफी कडू आणि आधी काढली तर आंबट.

लढाईत तो लांगरी होता, पलटणीचा स्वयंपाकी. चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्यात, इटलीतल्या एका डोंगराखाली, त्याच्या चुलीवर एक अमेरिकन कॉफीचा डबा आला होता. पहाटे तीस-बत्तीस पोरं डोंगर चढणार होती. हवालदार म्हणाला, "डबा साहेब लोकांसाठी ठेव. पोरांना ते दुसरं दे." ते दुसरं म्हणजे भाजून जाळलेली बार्ली. तिकडची गरीब माणसं तीच उकळून पितात. विठोबाने चांगला डबा पेटीत घालून कुलूप लावलं आणि पोरांना बार्लीचं पाणी वाटलं. दगडू परब त्याच्याच गावचा. त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "लांगरी, हे काय मांजराचं मूत?" सगळे हसले. मग पेले रिकामे करून चढायला लागले.

वरून मशीनगन सुरू झाली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. अकरा जण घोंगड्यांत गुंडाळून खाली आणावे लागले आणि माणसं कमी होती म्हणून लांगऱ्यालाही वर पाठवलं. दगडूला त्याने बगलेत धरून ओढलं. पोट बेंबीपासून बरगडीपर्यंत उघडं होतं. रक्तासोबत त्यातून काळपट पाणी आलं आणि त्या पाण्याला जळक्या बार्लीचा वास होता. त्याच वाटेवर तोफेचा गोळा पडला. विठोबाची बोटं गेली, कान गेला, आणि दगडूचं जे काही उरलं होतं तेही गेलं.

घरी आल्यावर विठोबाने कॉफीचंच काम धरलं. आपली पोरं समुद्रापार गेल्याचं कळलं की तो डबे भरायचा. कोरियात कैदी सांभाळायला गेलेल्यांना त्याने पाठवली. हिंदी-चीनमध्ये, म्हणजे व्हिएतनामकडे, तहाच्या देखरेखीला आपली फौज गेली तेव्हा तिकडेही पाठवली. चिकोरीची चिमूटसुद्धा नाही, निव्वळ कॉफी. ती कोणाकोणाला मिळते हे त्याला माहीत नसायचं आणि तो विचारायचाही नाही. बायको काशीबाई म्हणायची, "घरात पावडर मागितली तर तळाचा चुरा देतो, आणि ओळख ना पाळख त्या पोरांना पहिल्या हाताची." विठोबा ऐकू न येणारा कान तिच्याकडे करायचा.

डबे बंद करायचं काम राजारामचं. लालबागच्या त्यांच्या चाळीत तो तळमजल्यावर राहायचा आणि कंदील, तेलाचे डबे, पिचकाऱ्या, जे गळेल त्याला डाख लावायचा. कथलाची अशी सरळ रेघ ओढायचा की पट्टीने आखल्यासारखी दिसावी.

छप्पन सालच्या जानेवारीत काशीबाईच्या बहिणीचा वसंत रजेवर आला होता. त्याची तुकडी हनोईला होती. गुरुवारी सकाळी दहा वाजता डिलाईल रोडवर फौजेचा ट्रक त्याला न्यायला येणार होता. तिथून मद्रास आणि मद्रासहून बोट. वसंत म्हणाला, "मावसोबा, तिकडे आम्ही तीस जण आहोत. तिकडची कॉफी प्यायली की माणूस सरळ दवाखान्यात. या वेळी तुमचे डबे मी स्वतः नेतो." तीस जण ऐकून विठोबाने उरलेल्या बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "चार डबे देतो."

शनिवारी यायच्या हिरव्या बिया आल्या नाहीत. सोमवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, आणि मंगळवारी सकाळी गिरणगाव रस्त्यावर उतरलं. दगड, विटा, दिव्यांच्या काचा, जळणारे टायर. पोलिसांनी आधी अश्रुधूर सोडला, मग बंदुका काढल्या. चाळीतली गंगुबाई नळावरून कळशी भरून जिन्यात आली आणि गोळी तिच्या गळ्यातून आरपार गेली. कळशी एकेक पायरी आपटत खाली आली, तिच्यामागून पाणी आणि पाण्यामागून रक्त. राजारामने तिला उचललं तेव्हा ती बोलायचा प्रयत्न करत होती आणि आवाज तोंडाऐवजी गळ्यातल्या भोकातून येत होता.

बुधवारी कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा शेठच्या गोदामातून एक पोतं मिळालं. विठोबा मागच्या दाराने पडवीत शिरला आणि भट्टी पेटवली. बाहेर बंदुका वाजत होत्या, आत बिया तडतडत होत्या. एकाच कानाने त्याला दोन्ही वेगळे ऐकायचे होते. दोनदा त्याने पिंप चुकून लवकर उलटला आणि तो घाणा फेकून दिला.

ताज्या भाजलेल्या कॉफीची एक खोड असते. ती दोन दिवस आतून हवा सोडत राहते. म्हणून विठोबा ती गोणपाटावर पसरून ठेवायचा, वर फडकं, कोणी जवळ गेलेलं चालायचं नाही. तिसऱ्या दिवशी दळायची आणि मगच डबा बंद. हा नेम त्याने कधी मोडला नव्हता. त्या दिवशी भाजली, दळली आणि वाफ निघत असतानाच चार डब्यांत ठासून भरली.

राजाराम लोखंड तापवून बसला होता. "काय लांगरी, बाहेर माणसं भाजतायत आणि तू कॉफी भाजतोस?"

"तू डाख लाव. तोंड नको लावूस."

"अरे, डब्याला हात लावून बघ, वर पोळी शेकशील. एरवी बाळंतिणीसारखी दोन दिवस झाकून ठेवतोस."

"दोन दिवस कुठून आणू? उद्या दहाला ट्रक आहे."

राजारामने खांदे उडवले आणि चारही झाकणांभोवती कथील फिरवलं. नेहमीसारखंच सरळ, नेहमीसारखंच पक्कं.

गुरुवारी नऊला कर्फ्यू उठला. दोघे पडवीत आले तेव्हा चारही डब्यांची झाकणं फुगून पालथ्या वाटीसारखी झाली होती. राजारामने एकावर टिचकी मारली. डबा ढोलकीसारखा वाजला.

"विठोबा, चौघींना दिवस गेलेत."

विठोबा हसला नाही. त्याला कळलं होतं.

"खिळा मारू काय? एकेक भोक पाडतो, फुस्स करून निघून जाईल. मग थेंबभर कथील टाकतो."

"लोखंड तापायला किती वेळ?"

"भट्टी थंड पडलीय. पाऊण तास तरी."

"पाऊण तास नाही. आणि भोक उघडं राहिलं तर बोटीवरच्या खाऱ्या हवेत हिचा भुसा होईल. तीस जण भुसा पितील."

"फुटला तर?"

"आजवर फुटला नाही."

आजवर त्याने तसा बंदच केला नव्हता, हे राजारामलाही ठाऊक होतं. पण त्याने दोन डबे एका गोणीत घातले, दोन दुसऱ्या गोणीत, आणि एक गोणी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

रस्त्यावर पाय टाकायला जागा नव्हती. एका बसचा नुसता सांगाडा उभा होता आणि सीटांमधला काथ्या अजून धुमसत होता. गटाराच्या कडेला एक चप्पल आणि तिच्याभोवती वाळलेलं रक्त, त्यावर माश्या. चिंचपोकळीच्या पुलावर सहा शिपाई रायफली घेऊन उभे होते. परगावहून आणलेले, तीन दिवस झोप नसलेले. एकाच्या डोक्याला पट्टी होती आणि पट्टीतून रक्त कानावर उतरलं होतं. पुलाच्या पलीकडून पोरांच्या घोषणा येत होत्या.

"ए, बोरे में क्या है?"

आवाज डावीकडून आला. विठोबाला ऐकूच आलं नाही. तो चालत राहिला. शिपायाने रायफल उचलली तसा राजाराम मध्ये आला.

"कॉफी है साहब. पलटण के वास्ते. उसको कान से कम आता है."

"पलटण के वास्ते," पट्टीवाला म्हणाला आणि त्याने रायफलीचा दस्ता राजारामच्या गोणीवर हाणला.

डबा फुटला. गावठी बॉम्ब फुटावा तसा. झाकण गोणी फाडून बाहेर आलं आणि शिपायाच्या गालात शिरलं, त्याचे डोळे तपकिरी पावडरने भरले. तो दोन्ही हातांनी तोंड धरून "बम, बम" ओरडत खाली बसला. त्याच्या शेजारच्याने दोन हातांच्या अंतरावरून राजारामवर गोळी झाडली.

पुढचं सगळं एकदम झालं. पलीकडून दगड आले. शिपाई कठड्याआड बसून पुलाच्या त्या टोकाकडे गोळ्या घालू लागले आणि तिकडची दोन पोरं धावता धावता पालथी पडली. एकाने विठोबाच्या खांद्यावर दस्ता मारला. हाड मोडल्याचा आवाज त्याला आतून ऐकू आला. मग शिपाई पोरांच्या मागे पुढे सरकले आणि पुलाच्या मधोमध हे दोघेच उरले.

राजाराम बसलेला होता, कठड्याला टेकून. दोन्ही हात पोटावर. बोटांमधून रक्त येत होतं आणि त्यात कॉफी कालवली जात होती.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"साडेनऊ."

"मग जा की. तीन राहिलेत."

विठोबाने आपली गोणी उचलली, चांगल्या खांद्यावर घेतली आणि डिलाईल रोडच्या दिशेने दहा-बारा पावलं टाकली. मग त्याने गोणी टाकून दिली. परत फिरला आणि राजारामला पाठीवर घेतलं.

परळच्या दवाखान्यापर्यंत मोडक्या खांद्याने त्याने त्याला नेलं. दोन ठिकाणी दगडफेक चुकवायला गल्लीत शिरावं लागलं. रक्त त्याच्या मानेवरून, पाठीवरून, धोतरातून पायापर्यंत आलं आणि पाय चपलेत सटकू लागले. राजाराम आधी शिव्या देत होता, मग काहीतरी मोजत होता, मग नुसता श्वास ऐकू येत होता. दवाखान्याच्या फाटकात गर्दी होती, प्रत्येकाच्या हातांत कोणीतरी होतं. तिथं विठोबाच्या उजव्या कानाजवळचा श्वास थांबला. तरी तो रांगेत उभा राहिला.

ट्रक दहाला आला आणि वसंत रिकाम्या हातांनी गेला.

चाळीच्या तोंडाशी फळा लागला. त्यावर खडूने गंगुबाईचं नाव, खाली राजारामचं. हार पडले, भाषणं झाली. पुलावर शिपायांना एकट्याने अडवणारा राजाराम, असं एक पुढारी म्हणाला. विठोबा मागे उभा होता, हात गळ्यात अडकवलेला. त्याचे ओठ हलले, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो राजारामच्या खोलीत गेला. राजारामची बायको कालिंदी चुलीपाशी बसली होती. त्याने दारातच बसून सगळं सांगितलं. इटलीतले ते अकरा जण, गरम कॉफी, फुगलेली झाकणं, खिळा. ती दहा-बारा पावलंही सांगितली.

"भोक पाडू म्हणाला होता तो?"

"हो."

"आणि तू नको म्हणालास."

"वास उडाला असता."

कालिंदी उठली. चुलीतलं लाकूड तिच्या हातात होतं. तिने ते त्याच्या मोडक्या खांद्यावर मारलं. मग दुसऱ्यांदा मारलं. ठिणग्या त्याच्या सदऱ्यावर पडल्या. तो हलला नाही. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"हे बाहेर कोणाला सांगायचं नाय," ती म्हणाली. "पोरं फळ्यावर बापाचं नाव वाचतात. वाचू देत."

"मला सांगायचंय, कालिंदी."

"तुला सांगायचंय. तुला पाठवायचंय. ते तुझे अकरा जण, त्यांचं तू फेडत होतास. माझ्या माणसाला कशाला त्यात घातलास?" तिने लाकूड परत चुलीत सारलं. "आता पाठवायची नाय. एक डबा नाय. तुझ्या जिवाला बरं वाटायचं काम आता बंद."

विठोबा मान खाली घालून गेला.

खांदा वाकडा जोडला गेला, पण दांडा फिरवण्यापुरता बरा झाला. दुकान उघडलं, पिंप फिरायला लागला, लोक म्हणायचे की घाडीच्या हातची चव तशीच आहे. एप्रिलात वसंतचं पत्र आलं. फौजेचा शिक्का, आत तीस सह्या, काही मराठीत, काही हिंदीत, दोन अंगठे. मावसोबा, सगळ्यांना तुमच्या कॉफीबद्दल सांगून ठेवलंय, वाट पाहतोय, कोणी येणार असेल त्याच्याबरोबर एक तरी डबा पाठवा.

विठोबाने पडवीत बसूनच कार्ड लिहिलं. समोर नुकताच उतरवलेला घाणा पसरला होता, फडक्याखाली. बोटं कमी असल्याने त्याला कार्ड कोपराने दाबून धरावं लागत होतं. इकडे सर्व खुशाल, मावशी बरी आहे, असं लिहिलं. मग थांबला. मग लिहिलं, सध्या मुंबईत चांगली कॉफी मिळत नाही.

कार्ड पेटीत टाकून आला आणि पुढचा घाणा लावला.