आधी पेरू, मग डबे

आमच्या घरात शेंगदाण्याचं कूट मिठासारखं होतं. घालायचं की नाही, हा प्रश्नच नसायचा. सासूबाई साताऱ्याकडच्या. भेंडीत कूट, मेथीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत तर मूठभर. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत कुटाचा मोठा डबा ओट्यावर मधोमध बसलेला असे, घरातल्या कर्त्या माणसासारखा.

आणि मुलगी नेमकी निघाली दाणे न चालणारी. चार वर्षांची असताना तिने दाण्याचा लाडू खाल्ला आणि बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, छातीत घरघर सुरू झाली. रिक्षातून दवाखाना येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅलर्जी आहे. शेंगदाणा कायमचा बंद. तेलसुद्धा बदला."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. अ‍ॅलर्जी म्हटलं की शेजारणी म्हणायच्या, "पित्त असेल हो, आमसुलाचं पाणी लावा." सासूबाईंनी मात्र त्याच संध्याकाळी कुटाचा डबा रिकामा केला, घासून पालथा घातला. "लाडू माझ्या हातचा होता," एवढंच म्हणाल्या. पुढे त्यांनी साबुदाण्याची खिचडी ओलं खोबरं घालून केली आणि तोंड वाकडं करत का होईना, खाल्ली. त्या दिवशी मला त्यांचं फार कौतुक वाटलं. तोंडावर बोलले नाही, आमची तशी पद्धत नव्हती.

घर सांभाळलं, पण शाळा? मधल्या सुट्टीत वर्गातली मुलं जमिनीवर गोल करून बसत, डबे मध्ये ठेवत आणि प्रत्येकाने प्रत्येकाच्या डब्यातला घास घ्यायचा. तिसरीत असताना माझ्या लेकीने कुणाचं तरी थालीपीठ चाखलं आणि ओठ पुन्हा सुजले. थोडक्यात निभावलं, पण बाई घाबरल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला आपल्या टेबलाजवळ वेगळं बसवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तरी मला त्यांचा राग आला, आणि तो मी लपवलाही नाही.

डबा भरलेला परत यायला लागला. मग मी हट्टाला पेटले. वाटीने पुऱ्या कापून चांदोबा केले, त्यांना मटारचे डोळे आणि गाजराचं नाक लावलं. छोट्या इडल्यांची आगगाडी केली. तांदळाच्या घावनाचा मासा केला, त्याला कोथिंबिरीची शेपटी. सकाळी नवरा डोकावून म्हणायचा, "आमच्या डब्यात पण एखादं माकड-बिकड घाल की." संध्याकाळी मासा शेपटीसकट परत.

"अगं, बाईंनी बघितला नाही का?"

"बघितला. छान म्हणाल्या."

"मग खाल्ला का नाहीस?"

"आई, बाईंना दाखवून काय करू?"

मला एकदम कळलं. ती अन्नाला कंटाळली नव्हती, तिला त्या गोलात बसायचं होतं. मी मात्र महिनाभर गाजरं कोरत बसले होते.

मी शाळेच्या फाटकाशी आयांना गाठलं. शनिवारी, फक्त एक दिवस, कुणी दाणे घालू नका. सगळ्या हो म्हणाल्या, अगदी मनापासून. शनिवारी बाईंना विचारून मी वर्गाच्या दारात उभी राहिले. डबे उघडले. बटाट्याच्या काचऱ्या, पोहे, पुऱ्या, शंकरपाळे. दाण्याचा कण कुठे दिसेना. लेक गोलात बसली होती, वेण्या हलवत, आणि तिने पुरीकडे हात नेला.

शेजारी उभ्या असलेल्या एका आईला मी सहज विचारलं, "तेल कुठलं हो वापरता?"

"घाण्यावरचं! शेंगदाण्याचं, एकदम शुद्ध," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून, "अहो, पण तेलात कुठे दाणे असतात?"

मी धावत जाऊन पोरीचा हात ओढला. सगळ्यांच्याच घरी तेच तेल. बिचाऱ्यांनी पोह्यांतून दाणे वेचून काढले होते, पण तेल म्हणजे तेल, ते त्यांनी दाण्यांत धरलंच नव्हतं. लेक रडली नाही. आपला डबा उचलून मुकाट्याने बाईंच्या टेबलापाशी गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन मी भांडी आपटली आणि सगळ्या ठाणे शहराचा उद्धार केला.

थंडीत एके दिवशी डबा चाटूनपुसून रिकामा आला. आत पेरूची एक फोड, कडा वेड्यावाकड्या.

"हे कुणी दिलं?" माझा आवाज चढलाच.

माजिवड्याहून येणारी एक वर्गमैत्रीण होती, तिच्या परसात पेरूचं झाड होतं. "उष्टा नाहीये आई, फ्रॉकमध्ये धरून चिमणीच्या दाताने तोडलाय."

"आणि तिने आधी डबा खाल्ला असेल तर? त्या हातांनी..."

लेकीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिसरीत आहे. "आम्ही हात धुतो. आधी पेरू खातो, मग डबे. पेरू संपेपर्यंत कुणीच झाकण उघडायचं नाही. काकडी, बोरं पण चालतात. मग मी टेबलापाशी जाते."

"बाईंनी ठरवलं?"

"नाही. आम्ही."

डॉक्टर, बाई, मी, फाटकापाशी जमलेल्या आया, कुणालाही हे सुचलं नव्हतं. झाकण उघडण्याआधीची ती दहा मिनिटं तिची होती, आणि त्यात ती इतरांसारखीच एक होती.

तिने ती फोड उचलली आणि सासूबाईंसमोर धरली. उष्ट्याखरकट्याच्या बाबतीत आमच्या सासूबाई फार कडक. चिमणीचे दात त्यांनी कधी मानले नव्हते. लाडवाच्या त्या दिवसापासून नातीला स्वतःच्या हाताने घास भरवायलाही त्या बिचकत.

"आजी, तुला ठेवलाय. गोलातला आहे."

सासूबाईंनी पेरू धुतला नाही, पुसलाही नाही. नातीपुढे तोंड उघडून म्हणाल्या, "भरव."